बारा नंबरचा गॅस

आमच्या घरी आलेला पहिला फ्रिज सेकंडहँड होता. दाराला चावी, मागे काळी जाळी, आणि रात्री कॉम्प्रेसर बंद होताना ट्रक थांबल्यासारखा हिसका. एक-दोन उन्हाळे गेले की त्याचा ‘गॅस जायचा’. मग मेकॅनिक यायचा. सायकलच्या कॅरिअरला बांधलेला छोटा सिलिंडर आणि खांद्याला अवजारांची कळकट पिशवी. फ्रिज भिंतीपासून ओढून तो मागे उकिडवा बसायचा, कॉम्प्रेसरच्या तांब्याच्या नळीचं टोक छाटायचा आणि आत उरलासुरला गॅस फुस्स करून सोडून द्यायचा. ना वास, ना रंग. मग सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहायचं, तिथे डाग मारायचा आणि नवा गॅस भरायचा. बर्फाच्या कप्प्याला बाहेरून दव धरलं की काम झालं. “बारा नंबर भरलाय, ओरिजिनल,” असं आईला सांगून तो पैसे मोजून घ्यायचा.

बारा नंबर म्हणजे आर-१२, सीएफसी-१२. १९३०च्या सुमाराला अमेरिकेत तो निघाला तेव्हा चमत्कारच मानला गेला. त्याआधीच्या फ्रिजमधला सल्फर डायऑक्साइड किंवा अमोनिया गळला तर घरातली माणसं दगावायची. हा नवा गॅस पेटत नव्हता, नाकाला झोंबत नव्हता, कशाशी रासायनिक क्रियाही करत नव्हता. पुढे तोच गुण अंगाशी आला. खालच्या हवेत कशानेच विघटन होत नाही म्हणून तो दशकानुदशकं टिकतो, हळूहळू वर ओझोनच्या थरापर्यंत चढतो, आणि तिथे अतिनील किरणांनी फुटून सुटा झालेला क्लोरिन ओझोन खात सुटतो. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी हे कागदावर मांडलं. १९८५ साली ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावर मोजलेले ओझोनचे आकडे प्रसिद्ध केले आणि वादाचा नूर पालटला. १६ सप्टेंबर १९८७ रोजी हे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचा करार माँट्रियलला झाला.

हा करार पर्यावरणाचं यश म्हणून शाळेच्या पुस्तकातही आला आहे आणि ते यश खरंच आहे. पण त्या यशाच्या पोटात दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती ओझोनपेक्षा धंद्याची अधिक आहे. जुना गॅस बंद करा असं सांगणं सोपं. नवा गॅस कुणाचा, तो बनवायची कृती कुणाच्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली कोण किती पैशांना देणार, हा प्रश्न १९८७ साली कुणी नीट विचारलाच नव्हता. तो विचारला दिल्ली आणि बीजिंगने, आणि तोही करारावर सही न करता.

भारतात सीएफसी गॅस बनवायला सुरुवात झाली १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात, मफतलाल समूहाच्या नवीन फ्लोरिनने. कचेरी मुंबईला, कारखाना सुरतजवळ भेस्तानला. पुढे तमिळनाडूत मेट्टूरला केमप्लास्ट आली. राजस्थानात अलवर जिल्ह्यात झिवाण्याला एसआरएफचा आणि पंचमहाल जिल्ह्यात रणजितनगरला गुजरात फ्लोरोकेमिकल्सचा कारखाना सुरू झाला, तो १९८९ साली. म्हणजे जगाने हे गॅस कमी करायचं ठरवल्यावर दोन वर्षांनी आपल्याकडे नव्या भट्ट्या पेटल्या. याला अदूरदृष्टी म्हणता येईल. पण फ्रिज तेव्हा कुठे मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात शिरत होता, आणि बाजार समोर दिसत असताना कारखानदार थांबत नाही. माँट्रियलच्या करारात गरीब देशांसाठी दहा वर्षांची सवलत होती, तीही वर्षाला माणशी ०.३ किलोच्या आत वापर असलेल्यांना. श्रीमंत देशांत हा आकडा किलोच्या घरात होता आणि भारतात ०.०२ किलोपेक्षाही कमी. आपण मर्यादेपासून इतके लांब होतो की मर्यादा दिसतही नव्हती.

तरी करारात एक आकडा होता आणि एक आकडीही होती. चौथ्या कलमानुसार सही न करणाऱ्या देशांशी या गॅसांचा व्यापार बंद होणार होता. पुढच्या टप्प्यात हे गॅस भरलेल्या वस्तूंचाही. ओझोन वाचवायला व्यापाराचा चाबूक वापरायचा, ही कल्पना आंतरराष्ट्रीय करारांत तेव्हा नवलाची होती. आपल्या कारखान्यांना तो चाबूक बरोबर लागणार होता, कारण त्यांचा डोळा देशाबाहेरच्या बाजारावरही होता. बाहेर राहिलो तर गिऱ्हाईक जातं, आत गेलो तर दहा वर्षांनंतर धंदा आवरत न्यायचा आणि नवा माल परदेशातून विकत आणायचा.

आता १९८९-९०च्या काळाकडे थोडं जवळून पाहू, कारण तेव्हा भारत दोन वेगवेगळ्या खोल्यांमध्ये एकाच वस्तूसाठी भांडत होता. पहिली खोली जिनिव्हात, गॅट कराराच्या उरुग्वे फेरीची. तिथे अमेरिका आणि युरोप पेटंटचे नियम साऱ्या जगाला सारखे आणि कडक करायच्या मागे होते. आपला १९७०चा पेटंट कायदा त्यांच्या डोळ्यांत सलत होता. त्या कायद्यात रासायनिक पदार्थावर पेटंट मिळतच नसे, मिळे ते फक्त तो बनवण्याच्या रीतीवर. दुसऱ्या रीतीने बनवला तर कुणाची हरकत नाही. मे १९८९ मध्ये अमेरिकेने ‘सुपर ३०१’ या व्यापारी बडग्याखाली जपान आणि ब्राझीलबरोबर भारताचंही नाव लावलं. दुसरी खोली लंडनमधली. जून १९९० मध्ये माँट्रियल कराराची दुरुस्ती करायला देश जमले, आणि तिथे भारत म्हणत होता की आम्हाला नव्या गॅसांचं तंत्रज्ञान द्या, नाहीतर सही नाही. एका खोलीत तिजोरीला दुसरं कुलूप लावणं चाललं होतं आणि दुसऱ्या खोलीत त्याच तिजोरीची किल्ली मागितली जात होती. दोन्हीकडे समोर बसलेले देश तेच.

लंडनला भारताच्या वतीने गेल्या होत्या पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी, वय वर्षं तेहेतीस, विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारात नुकत्याच आलेल्या. ओझोनला भोक तुमच्या फ्रिजांनी पाडलं, ते बुजवायचा खर्च आमच्या माथी का, हा त्यांचा रोख होता. तेव्हाच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांना हेकट ठरवलं. मला त्यांचं एक पाऊल फार हुशारीचं वाटतं. नुसते पैसे मागून त्या थांबल्या नाहीत. पैसे आणि तंत्रज्ञान मिळालं तरच आमच्यावरची बंधनं लागू होतील, अशी गाठ करारातच मारून द्या, असा त्यांचा आग्रह होता.

पैशाचं घोडं आधी अडलं होतं ते वॉशिंग्टनमध्ये. मे महिन्यात जिनिव्हाच्या तयारीच्या बैठकीत अमेरिकेने वेगळ्या निधीला साफ नकार दिला. ओझोनसाठी दिले तर उद्या हवामान बदलासाठीही मागतील, ही भीती. पुढे काय होणार ते त्यांना बरोबर कळलं होतं, असंच म्हणावं लागेल. जूनच्या मध्यावर बुश सरकारने भूमिका फिरवली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे इजिप्शियन प्रमुख मुस्तफा टोल्बा यांनी मंत्र्यांना लहान लहान खोल्यांत बसवून मसुदे पुन्हा पुन्हा लिहून घेतले आणि २९ जूनला करार झाला. तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलरचा निधी. भारत आणि चीन आत आले तर आणखी ८ कोटी, प्रत्येकाच्या नावाने ४ कोटी. दोन देशांच्या सहीची किंमत इतक्या उघडपणे ठरलेली दुसरीकडे सापडणं कठीण.

आणि तंत्रज्ञान? त्यासाठी नवं ‘दहा अ’ कलम आलं. उत्तम पर्यायी पदार्थ आणि त्यांचं तंत्रज्ञान विकसनशील देशांना ‘रास्त आणि सर्वाधिक अनुकूल अटींवर’ लवकर मिळावं, यासाठी प्रत्येक देशाने शक्य ते सर्व करावं. मनेका गांधींना हवी होती ती गाठ अर्धवट बसली. गरीब देशांना बंधनं पाळणं जमेल की नाही ते पैसा आणि तंत्रज्ञान मिळण्यावर अवलंबून राहील, असं पाचव्या कलमात आलं. पण ते मिळालं नाही तर बंधन आपोआप सुटेल, असं आलं नाही. त्यासाठी सचिवालयाला कळवायचं आणि मग सगळे देश बसून विचार करणार. पेटंटं खासगी कंपन्यांची असतात, सरकार त्यांना विकायला कसं लावणार, हा पाश्चात्त्यांचा युक्तिवाद होता. तो खोटा नव्हता. म्हणूनच त्यावर उत्तर नव्हतं. ‘शक्य ते सर्व’ या तीन शब्दांत किती हवा असते ते सरकारी कागद वाचणाऱ्या माणसाला सांगायला नको.

चीन १९९१ साली करारात आला, भारत १९ जून १९९२ रोजी.

आता खरी परीक्षा. फ्रिज आणि मोटारींच्या एसीसाठी बारा नंबरची जागा घेणार होता एचएफसी-१३४ए, मेकॅनिकांच्या बोलीत ‘एकशे चौतीस’. तो ओझोनला हात लावत नाही. हा रेणू काही नवा नव्हता, रसायनशास्त्राला जुनाच ठाऊक होता. त्यामुळे गॅसवर पेटंट नव्हतं, होतं ते बनवण्याच्या रीतींवर, उत्प्रेरकांवर, आणि त्याच्यासोबत कॉम्प्रेसरमध्ये घालायच्या तेलांवर. जुन्या फ्रिजमधलं खनिज तेल १३४ए मध्ये विरघळत नाही. नवं एस्टर तेल लागतं, आणि ते हवेतलं पाणी मिठासारखं शोषून घेतं. सायकलवरच्या मेकॅनिकला हे तेल कुणी समजावून सांगितलं नव्हतं. त्याने उघड्या डब्यातलं तेल ओतलं, नळीत दमट हवा राहिली, कॅपिलरीत पाणी गोठलं आणि फ्रिज पुन्हा बसला. ‘नवा गॅस टिकत नाही’ असं गिऱ्हाईक बरीच वर्षं म्हणत राहिलं.

१३४ए ची मोठी उत्पादनं तेव्हा ड्युपाँ, आयसीआय अशा मोजक्या कंपन्यांच्या हातात होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका भारतीय उत्पादकाने तंत्रज्ञान विकत मागितलं. जयश्री वटल यांनी पुढे या सगळ्या प्रकरणाचा अभ्यास केला. त्या स्वतः उरुग्वे फेरीत भारताच्या बाजूने पेटंटच्या वाटाघाटींना बसलेल्या, म्हणजे पहिल्या खोलीतल्या साक्षीदार. त्यांच्या नोंदीप्रमाणे विक्रेत्याने भाव सांगितला अडीच कोटी डॉलर. भारतीय कंपनीच्या हिशेबाने त्या तंत्रज्ञानाची किंमत वीस लाख ते ऐंशी लाख डॉलरच्या दरम्यान होती. एवढे द्यायचे नसतील तर दुसरे दोन रस्ते सुचवले गेले. संयुक्त कंपनी काढा, त्यात बहुमताचा हिस्सा आमचा. किंवा बनवा, पण भारताबाहेर विकू नका.

अटींचा अर्थ कळायला वकील लागत नाही. विक्रेत्याला तंत्रज्ञान विकायचंच नव्हतं, गॅस विकायचा होता. उद्या आशियाच्या बाजारात स्वस्त माल घेऊन उभा राहणारा स्पर्धक आपल्याच हाताने कोण तयार करील? यात मला तरी कुणी खलनायक दिसत नाही. संशोधनावर त्या कंपन्यांनी मोठा पैसा ओतला होता आणि तो वसूल करायची हीच दहा-पंधरा वर्षं होती. फक्त लंडनच्या कागदावर ‘सर्वाधिक अनुकूल अटी’ असं लिहिलं होतं आणि बाजारात ही अट मिळाली. माँट्रियलच्या निधीच्या नियमांत पेटंटची किंमत आणि रॉयल्टी यांचा वाढीव खर्च द्यायची तरतूद होती. म्हणजे पैसे द्यायला निधी तयार. पण विकणारा दुकान उघडत नसेल तर गिऱ्हाईकाच्या खिशातल्या पैशाचं काय करायचं, याचं कलम नव्हतं.

मग कायदा आपल्या बाजूचा असताना आपण स्वतःच का बनवला नाही? १९७०च्या कायद्यात दुसऱ्या रीतीने बनवायला मोकळीक होती ना? होती. पण पेटंटमध्ये छापलेली रीत आणि कारखान्यात चालणारी रीत यांत पुरणपोळीच्या पुस्तकातल्या कृती आणि आजीच्या हाताएवढं अंतर असतं. कागदावर गोष्ट सोपी आहे. ट्रायक्लोरोएथिलीन घ्यायचं, त्यावर हायड्रोजन फ्लोराइडची क्रिया करायची, क्रोमियमचा उत्प्रेरक वापरायचा, मधे एक पदार्थ तयार होतो आणि त्यावर पुन्हा तीच क्रिया केली की १३४ए. प्रत्यक्षात दुसरी पायरी हट्टी आहे. क्रिया थोडीच पुढे जाते आणि अडते, न झालेला माल पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. उत्प्रेरकावर कोळशाची पुटं चढतात. हायड्रोजन फ्लोराइड तर असा द्रव की हातमोज्यातून आत गेला तर हाडापर्यंत पोचतो, नळ्याही खातो. आणि शेवटी मालात विषारी उपपदार्थाचा अंशसुद्धा चालत नाही. किती तापमानाला, किती दाबाला, उत्प्रेरक किती दिवसांनी बदलायचा, हे कुठेही छापलेलं नसतं. ते गुपित म्हणून जपलेलं असतं आणि त्याला मुदतही नसते. पेटंट वीस वर्षांनी संपतं. आजीचा हात आजीबरोबर जातो किंवा कुणी शेजारी बसून शिकतो.

आपल्याकडे शेजारी बसायची सोय नव्हती, म्हणून चुकत शिकावं लागलं. हैदराबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीने प्रयोगशाळेत प्रक्रिया बसवायचं काम केलं. झिवाण्याला एसआरएफने स्वतःची प्रक्रिया उभी केली आणि २०००नंतरच्या दशकात देशी १३४ए बाजारात आला. तोवर दहा वर्षं गेली होती. त्या दहा वर्षांत १३४ए वर गेलेल्या भारतीय फ्रिज कंपन्या गॅस बाहेरून आणत होत्या. या हकिकतीचं शेपूट गमतीचं आहे. दम्याच्या पंपात वापरायचा शुद्ध औषधी दर्जाचा १३४ए ड्युपाँ ‘डायमेल’ नावाने विकत असे. २०१५च्या सुमाराला तो धंदाच एसआरएफने ड्युपाँकडून विकत घेतला.

तंत्रज्ञान रखडलं, पण कारखाने बंद करायचे पैसे मात्र वेळेवर आले. नोव्हेंबर १९९९ मध्ये निधीच्या कार्यकारी समितीने भारताच्या चार उत्पादकांना टप्प्याटप्प्याने सीएफसी थांबवण्यासाठी ८ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले. २००० साली आपल्या सरकारने ओझोनचे नियम काढले. नेपाळने त्याच सुमाराला भारतातून आलेले जवळजवळ ७४ टन सीएफसी पकडून गोदामात ठेवले आणि पुढे करारातल्या देशांनी ते थोडे थोडे वापरायची परवानगी दिली. आपल्याकडच्या चोरट्या मालाचीसुद्धा अशी शिस्तीत विल्हेवाट लागली. १ ऑगस्ट २००८ रोजी भारताने सीएफसीचं उत्पादन थांबवलं, दम्याच्या पंपांसाठीचा अपवाद सोडून, आणि तेही मुदतीच्या सतरा महिने आधी. बंद करण्याचे पैसे मिळाले, नवं शिकण्याचे मिळाले नाहीत. माझ्या मते लंडनच्या वाटाघाटीचा हिशेब या एका वाक्यात बसतो.

पण याच काळात एक किल्ली कपाटाबाहेर टांगलेली होती. कुणीही घ्यावी अशी.

पूर्व जर्मनी बुडाली तेव्हा तिथले सरकारी कारखाने विकायला किंवा मोडीत काढायला एक संस्था नेमली होती. सॅक्सनीतल्या डोंगरात शार्फेनश्टाइनचा फ्रिजचा कारखाना तिने मोडीत काढायचं ठरवलं. १९९२ची गोष्ट. डॉर्टमुंडच्या आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी, हॅरी रोझिन यांच्या नेतृत्वाखाली, फ्रिजमध्ये साधा प्रोपेन आणि ब्युटेन भरून पाहिला होता. म्हणजे तंबू ठोकून राहणाऱ्यांच्या छोट्या शेगडीत असतो तो गॅस. ग्रीनपीसने डॉक्टर आणि बेकार होऊ घातलेले कामगार यांची गाठ घालून दिली आणि दहा फ्रिजांची ऑर्डर दिली. कारखाना बंद पडू नये म्हणून चळवळीच्या संघटनेने फ्रिज विकत घ्यावेत, हा प्रकार जर्मनीतही पहिलाच असावा. ग्राहकांनी आगाऊ नोंदवलेल्या फ्रिजांचा आकडा सत्तर हजारांवर गेला. बड्या कंपन्यांनी विक्रेत्यांना पत्रकं वाटली, हा फ्रिज म्हणजे घरातला बॉम्ब. वास्तविक एका फ्रिजमधला गॅस दोन-तीन सिगारेट लायटरांत मावेल एवढा. मार्च १९९३ मध्ये पहिला फ्रिज लाइनवरून उतरला. तोवर पत्रकं वाटणाऱ्यांनी कोलोनच्या प्रदर्शनात स्वतःचे तसलेच फ्रिज मांडले होते.

आणि मुख्य म्हणजे या ‘ग्रीनफ्रीझ’चं पेटंट कुणी घेतलं नाही. ठरवून. ज्याला हवं त्याने बनवावं. ग्रीनपीसची माणसं रेखाटनं घेऊन चीनमध्ये गेली आणि काही वर्षांत हायअरसारख्या कंपन्या आयसोब्युटेनचे फ्रिज बनवू लागल्या. भारतात स्विस आणि जर्मन सरकारच्या मदतीने ‘इकोफ्रिग’ नावाचा प्रकल्प चालला, त्यात मुंबईचे गोदरेज आणि व्होल्टास होते. गोदरेजने ही वाट पुढे सोडली नाही. २०१२ साली साताऱ्याकडे जाताना लागणाऱ्या शिरवळच्या कारखान्यात त्यांनी प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी बनवायला सुरुवात केली, जर्मन मदतीनेच. दीड टनाच्या एसीत साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास प्रोपेन. घरातल्या सिलिंडरमध्ये त्याच्या चाळीसपट गॅस असतो आणि त्याच्या शेजारी आपण काडी ओढतो. तरीही भीती एसीचीच वाटते.

शार्फेनश्टाइनच्या कारखान्याचं पुढे काय झालं? फोरोन या नावाने तो चालला आणि १९९६ साली दिवाळखोरीत गेला. स्पर्धकांनी त्याचीच कल्पना फुकट घेऊन त्याला बाजारातून उठवलं. पेटंटविरोधी भाषणं करणाऱ्यांनी (मीही केली आहेत) हा प्रसंग गाळू नये. मोकळ्या तंत्रज्ञानाने जग जिंकलं आणि ज्यांनी ते मोकळं ठेवलं त्यांच्या गेटला टाळं लागलं.

नंतरची वीस वर्षं भराभर. १३४ए ओझोनला निर्दोष होता, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण चौदाशे पट. म्हणजे दहा वर्षं झगडून जे शिकलो तेही सोडायची वेळ आली. मधल्या काळात एक विचित्र कमाई झाली. एसीतला ‘बावीस नंबर’ बनवताना एचएफसी-२३ नावाचा टाकाऊ वायू निघतो, कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट घातक. हवामान बदलाच्या क्योटो कराराखाली तो जाळला की टनामागे ११,७०० कार्बन क्रेडिटं मिळत. जाळायचा खर्च किरकोळ, क्रेडिटं युरोपात चढ्या भावाने जात. रणजितनगरचा प्रकल्प या योजनेतल्या अगदी पहिल्यांपैकी. कचरा जाळून मालापेक्षा जास्त मिळू लागल्यावर, चीन-भारतातले कारखाने कचऱ्यासाठी माल बनवतात असा आरोप झाला आणि २०१३पासून युरोपने ही क्रेडिटं घेणं बंद केलं. आपण नेहमीच नाडले गेलेले नव्हतो, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

१३४ए सारखे एचएफसी गॅस कमी करायची चर्चा सुरू झाली तेव्हा दिल्लीचं पहिलं बोलणं १९९०चंच होतं. नवे गॅस पुन्हा त्याच कंपन्यांचे. मोटारींच्या एसीसाठी हनीवेल आणि ड्युपाँने मिळून काढलेला १२३४वायएफ पेटंटांनी असा वेढलेला की युरोपीय आयोगाने २०११ साली स्पर्धा कायद्याखाली चौकशी उघडली. एप्रिल २०१५ मध्ये, पुण्याचे प्रकाश जावडेकर पर्यावरण मंत्री असताना, भारताने माँट्रियल कराराच्या दुरुस्तीचा स्वतःचा प्रस्ताव दिला. बदलाचा पूर्ण खर्च आणि तंत्रज्ञान मिळावं, आणि आम्हाला २०३१पर्यंत एचएफसीच्या वापराची गोठवणूक नको. एसी बनवणाऱ्या दाइकिन कंपनीने आर-३२ हा गॅस वापरणाऱ्या एसींची ९३ पेटंटं आधी विकसनशील देशांना आणि २०१५ साली साऱ्या जगाला फुकट खुली केली. हा धर्मादाय नव्हता. सगळे आर-३२ वर आले की तोच गॅस प्रमाण ठरतो, आणि त्यात सर्वांत पुढे दाइकिनच होती. पण हेतू कसलाही असो, आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या एसींवर आर-३२ चा स्टिकर दिसतो, तो त्यामुळे.

१५ ऑक्टोबर २०१६च्या पहाटे रवांडाच्या राजधानीत, किगालीत, रात्रभराच्या ओढाताणीनंतर एचएफसी कमी करायची दुरुस्ती मंजूर झाली. भारताच्या बाजूने अनिल माधव दवे होते. ते आल्याला तीनच महिने झाले होते, आणि पुढच्या मे महिन्यात ते गेले. त्या आठवड्यात भारताने एक गोष्ट न मागता दिली. एचएफसी-२३ यापुढे प्रत्येक कारखान्याने स्वतःच्या खर्चाने जाळायचा. आणि करारात भारत, पाकिस्तान, इराण, इराक आणि आखाती देशांना वेगळी, सैल रांग मिळाली. चीनला २०२४ साली गोठवणूक, आपल्याला २०२८. पहिली दहा टक्क्यांची घट २०३२ साली, ८५ टक्क्यांची २०४७ साली.

मनेका गांधींना लंडनला तंत्रज्ञान हवं होतं आणि पैसे मिळाले. दव्यांना किगालीत वेळ मिळाला. माझ्या मते दव्यांनी जास्त खरी वस्तू आणली, कारण शिकायला लागतो तो वेळच. तो पेटंटची मुदत संपायलाही लागतो.

त्या वेळेचा हिशेब कसा होणार तेही किगालीत ठरलं. आपली मोजपट्टी आहे २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांतल्या एचएफसीच्या वापराची सरासरी, अधिक जुन्या बावीस नंबरसारख्या गॅसांच्या पायाभूत आकड्याचा ६५ टक्के भाग. पुढची कपात त्या आकड्यातून व्हायची आहे. या तीन उन्हाळ्यांत देशातल्या एसींत आणि सिलिंडरांत भरला गेलेला एचएफसी त्या बेरजेत धरला जातो. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात आता चार रंगांचे सिलिंडर ओळीने उभे असतात. फ्रिजचा गॅस गेला म्हटलं की तिथला मुलगा आधी विचारतो, “मागे स्टिकरवर कुठला नंबर लिहिलाय?”